माथेरानला पुन्हा एकदां

आवडत्या ठिकाणीं फार वर्षांनीं पुन्हा जाऊं नये, असें सांगणारे शहाणे लोक पुष्कळ आहेत. डिसेंबर २०१८ मध्यें आम्हां तिघां मित्रांनीं तें शहाणपण बाजूला ठेवलें आणि माथेरानची वाट धरली. पूर्वीं गेलों होतों तें १९६८ सालीं, कॉलेजांत असतांना. तेव्हां आम्ही चौघे होतों. चौथ्याविषयीं नेरळ येईपर्यंत एकदांच बोलणें झालें. पुढें कोणीं तो विषय काढला नाहीं.

नेरळहून निघणारी दोन फुटी रुळांची ती छोटी आगगाडी आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं ती बांधविली, आणि १९०७ सालीं ती सुरू झाली. सुमारें एकवीस किलोमीटरांची चढण ती वळणें घेत घेत पार करते. १९६८ मध्यें तिला वाफेचें एंजिन होतें. एका वळणावर उडी टाकावी, झाडींतून धांवत वर चढावें आणि पुढच्या वळणावर गाडी गांठावी, हा आमचा पराक्रम! या खेपेस एंजिन डिझेलचें होतें आणि आम्ही खिडकीशीं निमूट बसलों होतों. जुम्मापट्टी आल्यावर आमच्यांतला वकील म्हणाला, "उतरायचें का रे?" कोणी हसलें नाहीं.

१८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे या डोंगरावर आले, आणि त्यानंतर येथें वस्ती वाढली. मोटारी दस्तुरी नाक्याशींच थांबतात, त्या गांवांत येत नाहींत. त्यामुळें मुंबईकराला येथें आल्यावर प्रथम जाणवते ती कानांना मिळालेली सुटी. तांबड्या मातीवर घोड्यांच्या टापा, माकडांची झाडावरची भांडणें, एवढाच काय तो गलबला. हें सुख आम्हांला पन्नास वर्षांनींहि जसेंच्या तसें मिळालें. मात्र तें कोणाच्या श्वासावर मिळतें, हें तरुणपणीं कधीं मनांत आलें नव्हतें.

झालें असें कीं, आमच्या डॉक्टरचे दोन्ही गुडघे गेलेले. पॉर्क्युपाइन टोकावरून सूर्यास्त पाहावयाचा, हा तर सर्वांचा संकल्प. घोड्यावर त्याला चढवणार कोण? उरली माणसांनीं ओढावयाची रिक्षा. पूर्वीं याच डॉक्टरनें त्या रिक्षेकडे पाहून, 'मी जन्मांत हींत बसणार नाहीं' असें आम्हांला बाजारांत उभें राहून ऐकविलें होतें. आतां तो रिक्षेजवळ नुसता उभा राहिला. रिक्षावाल्यांपैकीं जो वयस्क होता, तो शांतपणें म्हणाला, "साहेब, तुम्ही बसलां नाहीं, तर आम्हांलाहि दिवसभर बसूनच राहावें लागेल."

डॉक्टर बसला. एक जण पुढें ओढीत होता, एक मागून ढकलीत होता. आम्ही दोघे बाजूनें चालत होतों. चढ लागला कीं डॉक्टर म्हणे, "थांबा, मी उतरतों." ते म्हणत, "उतरूं नका, पुन्हा चढतांना तुम्हांलाच त्रास." असा तो विनयाचा कलह टोकापर्यंत चालला. समोर प्रबळगडाची कडा काळी पडत गेली, आभाळ पेटल्यासारखें झालें, आम्हीं चौथ्याची आठवण काढली. डॉक्टर मात्र सूर्याकडे पाहातच नव्हता. दगडावर बसून गळ्यावरचा घाम पुसणाऱ्या त्या वयस्काच्या छातीकडे तो पाहात होता. अखेर त्यानें त्याची नाडी पाहिली. "पथ्य कांहीं सांगूं नका साहेब," तो हसून म्हणाला, "पाळतां येणार नाहीं."

परत येतांना डॉक्टरनें ठरल्यापेक्षां दुप्पट पैसे दिले. त्याला बरें वाटलें असेल, असें मला वाटत नाहीं.

ऑगस्ट २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें माथेरानमधील ही हातरिक्षेची प्रथा सहा महिन्यांत बंद करावी, आणि ओढणाऱ्यांना विजेवर चालणाऱ्या रिक्षा मिळाव्यात, असा आदेश दिला. वर्तमानपत्रांत तें वाचून डॉक्टरनें मला फोन केला. "आपल्या त्या दोघांना मिळेल का रे एखादी? जरा चौकशी कर."

चौकशी करावयास मीं कागद पुढें ओढला, आणि मग ध्यानांत आलें कीं, त्या दोघांचीं नांवें आम्हां तिघांपैकीं कोणींच विचारलीं नव्हतीं.