शाळा कुणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षाचा अहवाल चिटणीसबाईंनी चोख सांगितला आहे. मी पुढल्या वर्षाविषयी दोन शब्द बोलणार आहे. विषय आहे आपल्या वस्तीतली शाळा.

ही शाळा कुणाची, असे विचारले की आपण चटकन म्हणतो, "सरकारची!" पण आपल्याकडे कितीतरी शाळा लोकांच्या घासातून उभ्या राहिल्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मंगळसूत्रही ठेवले नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस काम केले. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली.

आता तर कायदाही आपल्या बाजूस आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे व पैशाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे हे या समितीचे काम. पण पुष्कळदा बाईची नुसती सही सभेला जाते, बाई जात नाही. कशी जाणार? सभा भर दुपारी. त्या वेळी ती मजुरीवर असते. कडेला तान्हे मूल, आणि हिशेबाचा कागद वाचून कोण दाखवणार?

इथे आपले काम आहे. सभा संध्याकाळी घ्यावी, अशी मुख्याध्यापकांना विनंती करू. तेवढा वेळ मुले आपण सांभाळू. आदल्या दिवशी त्या मातांबरोबर बसून कागद वाचू. बोलायचे मात्र त्यांनीच. त्यांच्या खुर्चीवर आपण बसायचे नाही.

वर्षातून एकदा वह्या वाटून फोटो काढला, म्हणजे नाते जुळत नाही. शिक्षकांची बदली होते, आपल्यातलीही एखादी गाव सोडते. म्हणून हे काम एकीच्या उत्साहावर सोडू नये. दोघीदोघींची पाळी लावावी, वार ठरवावा, आणि काय झाले ते वहीत लिहून पुढच्या जोडीच्या हाती द्यावे.

आणि शाळेतल्या बाईंनाही विचारू या, की तुम्हांला आमच्याकडून काय हवे? हा प्रश्न त्यांना फार क्वचित कुणी विचारते.

पाळीची वही मी आणली आहे. चहा घेताना नावे घालावीत, एवढीच विनंती.