नबी दिसायचे कसे?

मी काशीदचा. काशीद म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पांढरी वाळू, सुरूचं बन आणि शनिवार-रविवारच्या मुंबई-पुण्याच्या गाड्या येतील. माझ्यासाठी हा मूसा नबींनी दुभंगलेला समुद्र आहे. गोष्ट सांगायची माझी नानी, आणि तिनं दुसरा समुद्र पाहिलेलाच नव्हता. नबींची चित्रं आमच्या घरात नसतात. त्यामुळे चेहरा ज्यानं त्यानं आपापला लावायचा. माझे मूसा नानांसारखे होते. उंच, उन्हानं रापलेले, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

नानी सांगायची, अल्लाच्या हुकमानं मूसांनी हात काखेत घालून बाहेर काढला, तर तो लख्ख पांढरा! ‘पांढरा झाला हा चमत्कार. मग आधी कसा होता रे?’ असं म्हणून ती माझ्या दंडाला चिमटा काढायची. पुढे हदीसमध्ये मूसा उंच आणि सावळे असल्याचं वर्णन वाचलं, तेव्हा नाना आठवले.

काशीदहून मुरूडकडे जाताना नांदगाव लागतं. तिथला माझा एक शाळासोबती बेने इस्रायली. या मंडळींचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. भाषा मराठी, आडनावं गावांवरून, किहीमकर, पेणकर, नवगावकर.

मित्राच्या घरी ओटीवर एलियाहू हन्नबींची तसबीर होती. आमचे इलियास नबी ते हेच. अग्निरथ, उधळलेले घोडे आणि रथात गोरापान, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तसबिरीखाली भाजी निवडत बसलेली त्याची आई माझ्या आईइतकीच सावळी. मी विचारलं, ‘मावशी, तुमचे नबी एवढे गोरे कसे?’ मान वर न करता ती म्हणाली, ‘छापणाऱ्याला विचार.’

मावशीचं उत्तर मला अजूनही सर्वांत शहाणपणाचं वाटतं. बायबलमध्ये एलियाहूंचं वर्णन एवढंच की केसाळ माणूस, कमरेला कातड्याचा पट्टा. रंगाचा उल्लेखही नाही. सुमारे इ. स. २०० साली संकलित झालेल्या मिश्नात रब्बी इश्माएल सांगतात की इस्राएलची लेकरं ना काळी ना गोरी, मधल्याच रंगाची. युरोपातल्या चित्रकारांनी या माणसांना आपल्या शेजाऱ्यांचे चेहरे दिले, आणि त्यांचे छापखाने जगभर पोचले. २००१ साली रिचर्ड नीव्ह यांनी पहिल्या शतकातल्या एका यहुदी माणसाच्या कवटीवरून चेहरा घडवला. तो रुंद नाकाचा, आखूड केसांचा, गव्हाळ-सावळा निघाला. मुरूडच्या बाजारात फिरला तर कुणी वळून पाहणार नाही. आपल्याकडे गोव्याचे आंजेलो द फोन्सेका पुण्याच्या आश्रमात राहून मरियमला साडी नेसवत होते, आणि त्यासाठी स्वकीयांचीच बोलणी खात होते.

पण हा प्रश्न नुसत्या चित्रांचा नाही. बेने इस्रायलांमध्येच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन तट होते. मिश्र विवाहातून आलेले ते काळे, आणि त्यांच्याशी रोटीबेटी नाही. त्याच ग्रंथात मूसांची बायको कूश देशाची, म्हणजे मिसरच्या दक्षिणेकडची, आफ्रिकी. तिच्यावरून बहीण मिर्यामनं कुरबुर केली, आणि शिक्षा म्हणून कोड फुटून तीच बर्फासारखी पांढरी झाली! १९४८ पर्यंत आमच्या मुलखावर जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं राज्य होतं, त्यांचे पूर्वजही आफ्रिकेतले. तरी लग्नाच्या गोष्टी निघाल्या की रंग आमच्या घरांतही पहिला विचारला जातो, हे कबूल केलं पाहिजे.

इस्रायलमध्ये गेलेल्या कोकणच्या या लोकांना १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं अडवलं. इतर यहुद्यांशी लग्न करायचं तर आधी मागच्या पिढ्यांची चौकशी. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला, हे सर्वार्थानं यहुदीच, असं सांगावं लागलं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातही त्यांच्या रक्तात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही धागे सापडले.

माझा मित्रही तिकडे गेला. सुरुवातीला कामावर एकानं त्याला म्हटलं, ‘तू यहुदी दिसत नाहीस.’ त्यानं पत्रात लिहिलं होतं, ‘आरशात पाहिलं तर मी नांदगावचा दिसतो. पण इब्राहीम कसे दिसायचे, ते त्याला तरी कुठं ठाऊक होतं?’

मध्यंतरी तो मुलीला घेऊन आला. अलिबागजवळ खंडाळ्याला एक कातळ आहे. एलियाहूंचा रथ इथून वर गेला, अशी श्रद्धा आहे, आणि चाकांच्या अन् टापांच्या खुणा दाखवतात. त्यांनी मलिदा केला, भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं. मुलीनं सगळा कातळ धुंडाळून विचारलं, ‘बाबा, चेहरा कुठाय?’ मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘रथ निघून गेला गं बाई.’ मग तिनं माझ्या हातावर मलिदा ठेवला, आणि तिघं सावलीला बसून खात राहिलो.