बियांची शीतनिद्रा



औषधाची गरज पडली म्हणजे आपण मूळ, साल, पान यांची चौकशी करूं लागतों. परंतु ज्या बीपासून हें सारें निपजतें, ती कोणीं राखावी आणि कशी राखावी, याचा विचार क्वचितच होतो. औषधी वनस्पतींच्या बिया गोठवून दीर्घकाळ जिवंत ठेवण्याची जी विद्या आहे, तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावे असा माझा हेतु आहे.

सर्पगंधेचेंच उदाहरण घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं या मुळीच्या रक्तदाबावरील गुणाविषयींचा निबंध १९४९ सालीं प्रसिद्ध केला. १९५२ सालीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें, आणि जगाची दृष्टि आपल्या रानाकडे वळली. पण मुळी घ्यावयाची म्हणजे झाडच उपटावें लागतें. आणि फळ धरण्यापूर्वीं उपटलेलें झाड मागें कांहींच ठेवीत नाहीं. म्हणून बी राखणें अगत्याचें.

परंतु राखणें म्हणजे नुसतें सांठविणें नव्हे. एका वृद्ध वैद्यांनीं जमविलेले बियांचे पुडे त्यांच्या पश्चात् त्यांच्या चिरंजीवांनीं मजकडे आणून दिले होते. प्रत्येक पुड्यावर सुवाच्य नांव होतें. पण कित्येक पावसाळे माळ्यावर काढलेल्या त्या बियांपैकीं एकही उगवली नाहीं. अक्षरें शाबूत राहिलीं, जीव मात्र निघून गेला.

असें कां व्हावें? वाळलेली बी ही निर्जीव वस्तु नव्हे. ओलावा आणि उष्णता जितकी अधिक, तितकी ती लवकर झिजते. हॅरिंग्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें एक ढोबळ नियम सांगितला आहे : बीमधील ओलावा शेंकडा एकानें उतरला, कीं तिचें आयुष्य दुप्पट होतें, उष्णतामान पांच अंशांनीं उतरलें, कीं पुन्हा दुप्पट. आतां माझा जुना पेशा आठवून थोडें गणित करतों. ओलावा दहावरून सहावर आणला, तर आयुष्य सोळापट. उष्णता तीस अंशांवरून पांचावर आणली, तर बत्तीसपट. दोहोंचा गुणाकार पांचशें बारा!

मात्र क्रम चुकतां कामा नये. ओली बी गोठविली, तर आंतील पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. आधीं वाळवण, मग थंडी. अश्वगंधा, तुळस, इसबगोल यांच्या बिया घरींही अशा ठेवतां येतात. पक्व बिया स्वच्छ करून सावलींत वाळवाव्या. मग घट्ट झांकणाच्या बरणींत बियांच्या वजनाइतकें सिलिका जेल पुरचुंडींत बांधून त्यांच्यासह आठवडाभर ठेवावें. औषधांच्या बाटल्यांतून ओल शोषण्यासाठीं दाण्यांची लहान पुडी येते, तेंच हें. नंतर कोरड्या बाटलींत बिया बंद करून शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवाव्या. बाहेर काढल्यावर बाटली खोलीच्या उष्णतेस येईपर्यंत झांकण उघडूं नये. नाहीं तर हवेंतील दंव बियांवर जमतें. ठेवण्यापूर्वीं कांहीं बिया ओल्या फडक्यांत रुजवून किती उगवतात तें टिपावें, व दर कांहीं वर्षांनीं तीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

परंतु सर्वच बिया अशा आज्ञाधारक नसतात. आंबा, फणस, जांभूळ, कोकम, जायफळ यांच्या बिया वाळविल्या कीं मरतात. त्यांना शीतपेटी नव्हे, जिवंत झाडच राखलें पाहिजे.

हेंच काम मोठ्या प्रमाणावर चालतें. नवी दिल्लींतील राष्ट्रीय जीनपेढींत बिया उणे अठरा अंशांवर ठेवतात, आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ सालीं उघडलेल्या भांडारांतही तेंच मान. सीरियांत युद्ध पेटल्यानें अलेप्पोजवळच्या संग्रहाचें काम अशक्य झालें, तेव्हां २०१५ सालीं तेथील संशोधकांनीं आपली ठेव याच भांडारांतून परत मागून घेतली आणि लेबानन व मोरोक्को येथें पेरली. त्या बिया अन्नधान्याच्या होत्या खऱ्या. पण धडा औषधीसही लागू आहे. ठेव पेरण्यासाठींच असते.

थंडी काळ लांबविते. झाड वाढवीत नाहीं. गोठवलेली बी रानाची जागा घेऊं शकत नाहीं; रान पुन्हा उभें करावयाची वेळ आली, तर तेवढी संधि ती हातीं ठेवते. म्हणून आपल्या बाटलीवर वनस्पतीचें नांव, स्थळ आणि तारीख लिहाच. शिवाय ती कोणत्या व्याधीवर, कशी वापरीत, हेंही आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. बी थंडींत टिकेल. त्यांच्या आठवणी मात्र थंडींत टिकत नाहींत.