कॉलेज की कमाई?



बारावी झाली की आपल्या घरात एकच प्रश्न निघतो: कॉलेज की कमाई? अब्बांचा धंदा बसलेला असेल तर उत्तर ठरलेलंच. मुलगा गॅरेजवर उस्तादांच्या हाताखाली जातो. हुनर येतं, पण हातात कागद येत नाही.

आता तिसरी वाट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं कंपनीत शिकाऊ उमेदवार म्हणून काढता येतात. त्या कामाचे श्रेयांक पदवीत धरले जातात, दरमहा विद्यावेतनही मिळतं. माझ्या क्षेत्रात विप्रो बीसीए, बीएस्सी झालेल्यांना कामावर घेऊन एम.टेक.चा खर्च उचलते.

आपल्याकडे वरठीला सनफ्लॅग, गडेगावला अशोक लेलँड, जवाहरनगरला आयुध निर्माणी. कारखाने उंबऱ्याशी आहेत. कॉलेजांनी त्यांच्याशी करार करावेत, ही मागणी प्राचार्यांकडे आपणच न्यायला हवी.

मात्र सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. करार 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदवलाय का? पदवी कोणतं विद्यापीठ देणार? सुरक्षेचं प्रशिक्षण कोण देणार? 24 जानेवारी 2025 चा जवाहरनगरचा स्फोट आपण विसरलेलो नाही.

आणखी एक. शिकून झाल्यावर नोकरी द्यायलाच हवी, अशी कायद्याची सक्ती कंपनीवर नाही. पण पदवी आणि अनुभव तुमचेच राहतात.

यंदा निकाल लागला की घरी ही तिसरी वाट सांगा. भावासाठी सांगाल, तशीच बहिणीसाठीही सांगा.