आधी डीबगर तपासा

(शारदीय व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



विषयाचं नाव ऐकूनही पहिल्या दोन रांगांतली ज्येष्ठ मंडळी उठून गेली नाहीत, याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो.

वॉशिंग मशीनमध्ये, दुचाकीच्या मीटरमध्ये, रक्तदाब मोजायच्या यंत्रात नखाएवढी एक चिप असते, मायक्रोकंट्रोलर. प्रोसेसर, मेमरी आणि बाहेरच्या जगाशी बोलायच्या पिना, सगळं एकाच तुकड्यावर. तिला पडदा नाही, कीबोर्ड नाही. आतला प्रोग्रॅम चुकला तर कळायचं कसं? त्यासाठी चिप बनवणाऱ्यांनीच आत एक सोय करून ठेवलेली असते. आर्म प्रोसेसर असलेल्या बहुतेक चिपांत ती एसडब्ल्यूडी नावाने मिळते. एक वायर डेटाची, एक क्लॉकची आणि तिसरी ग्राउंडची. त्यांना डीबगर नावाची डबी जोडली, की प्रोसेसर हव्या त्या ओळीवर थांबवता येतो आणि त्याच्या मेमरीत काय आहे ते लॅपटॉपवर वाचता येतं.

ही सोयच बेभरवशाची झाली तर काय करायचं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: प्रोग्रॅमवर संशय घेण्याआधी डीबगरवर घ्या. सराफ सोनं पारड्यात टाकण्याआधी रिकामा तराजू बघून घेतो. आमची पोरं मात्र रात्र-रात्र कोड उकरतात आणि तराजूकडे ढुंकून बघत नाहीत.

उदाहरणाला एकच चिप घेतो, एसटीएम३२एफ१०३. आत कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर, वेग ७२ मेगाहर्ट्झ. तिच्या निळ्या बोर्डाला जगभर ‘ब्लू पिल’ म्हणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात बुधवार पेठेत चक्कर टाकली की मिळतो. स्वस्त आहे, म्हणून त्यात नकलाही फार. चिप अस्सल असेल तर डीबगरने विचारल्यावर ती जो ओळख क्रमांक सांगते त्याचा पहिला अंक १ असतो. अनेक नकलांचा २ असतो. ओपनओसीडीसारखं चोख सॉफ्टवेअर तेवढ्यावरून जोडणी नाकारतं, आणि पोरगं वायरी बदलत बसतं.

वायरींचा मुद्दा लवकर आटोपतो. लूज काँटॅक्ट, ड्राय सोल्डर, ब्रेडबोर्डची सैल झालेली भोकं हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे, ती ग्राउंडची. डीबगर आणि बोर्ड दोन्ही एकाच लॅपटॉपच्या यूएसबीवर असतील तर ग्राउंडची वायर विसरली तरी काम चालून जातं, कारण दोघांचं ग्राउंड लॅपटॉपमधून जुळलेलं असतं. पुढे बोर्डाला वेगळा अ‍ॅडॅप्टर लावला जातो आणि कालपर्यंत नीट चालणारी जोडणी अधूनमधून तुटायला लागते. दोष मात्र त्या दिवशी लिहिलेल्या कोडला मिळतो. अशा वेळी डीबगरच्या क्लॉकचा वेग चार मेगाहर्ट्झवरून शंभर-दोनशे किलोहर्ट्झवर आणून बघावा. तेवढ्याने जोडणी स्थिर झाली, तर कोड बाजूला ठेवा आणि वायरी आखूड करा.

दुसरी तऱ्हा जास्त छळते: पहिल्यांदा प्रोग्रॅम व्यवस्थित चढतो, दुसऱ्यांदा डीबगर म्हणतो, समोर चिपच नाही. नवी चिप आणली तरी तेच, एकदा चालते आणि गप्प होते. चिप जळली असं समजून चांगले बोर्ड कचऱ्यात गेलेले आहेत. खरा प्रकार असा, की एसडब्ल्यूडीच्या दोन वायरी पीए१३ आणि पीए१४ या पिनांवर येतात आणि प्रोग्रॅमला त्या पिना साध्या कामाला जुंपता येतात. या चिपसाठी क्यूबएमएक्स या कोड तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प तयार करताना डीबगचा पर्याय ‘सिरियल वायर’ असा निवडायचा राहिला, तर तयार होणारा कोड सुरू होताच ती सोय बंद करून टाकतो. म्हणजे प्रोग्रॅम जितका बिनचूक चालेल तितका डीबगर बाहेर राहणार! चिप झोपेच्या खोल अवस्थेत जात असेल तरी असंच होतं, कारण तिथे डीबगचं क्लॉकही थांबतं. ते चालू ठेवायचे बिट वेगळे आहेत, ते आपणच लावायचे.

उपाय सोपा आहे. चिप रीसेटमध्ये धरून ठेवायची, त्याच अवस्थेत डीबगर जोडायचा आणि प्रोग्रॅमची पहिली ओळ चालण्याआधी प्रोसेसर थांबवायचा. याला ‘कनेक्ट अंडर रीसेट’ म्हणतात. त्याला रीसेटची चौथी वायर लागते, आणि एसटी-लिंक नावाच्या डीबगरच्या स्वस्त नकलांवर ‘आरएसटी’ छापलेली पिन पुष्कळदा एसटीएम८ या दुसऱ्याच चिपांपुरती असते. वायर जोडलेली दिसते, पण रीसेट काही होत नाही. मग बोर्डावरचं बटण बोटाने दाबून धरायचं, कनेक्टवर क्लिक करायचं आणि त्याच क्षणी बोट उचलायचं. ते साधत नसेल तर बूट० चा जंपर १ वर टाकून रीसेट द्यायचा. मग चिप आपला प्रोग्रॅम सोडून कारखान्यातून आलेला बूटलोडर चालवते, पिना मोकळ्या राहतात आणि फ्लॅश, म्हणजे प्रोग्रॅम साठवलेली मेमरी, पुसता येते.

इथवर डीबगर निदान जोडला जात नव्हता, म्हणजे प्रामाणिक होता. जोडला जाऊन चुकीचं दाखवतो तेव्हा खरी पंचाईत. थांबायची ओळ मागेपुढे उड्या मारते, एखाद्या चलाची किंमतच दिसत नाही. यात बहुधा कंपायलरचा हात असतो, त्याने वेगासाठी कोड आवळलेला असतो. थांबायच्या खुणा, म्हणजे ब्रेकपॉइंटही हवे तितके मिळत नाहीत. फ्लॅशमधल्या कोडसाठी या प्रोसेसरात ते सहाच आहेत आणि ‘पुढच्या ओळीवर जा’ म्हटलं की त्यातलाच एक खर्ची पडू शकतो.

पण मला सगळ्यात आवडतो तो रजिस्टरच्या खिडकीचा किस्सा. सिरियल पोर्टवर एक अक्षर आलं की चिप ते डेटा रजिस्टर या छोट्या कप्प्यात ठेवते आणि ‘अक्षर आलं’ असा झेंडा वर करते. प्रोग्रॅमने ते रजिस्टर वाचलं की झेंडा आपोआप खाली येतो. आता डीबगरमध्ये तुम्ही त्या पोर्टची रजिस्टरं उघडी ठेवलीत. प्रोसेसर थांबला की ती खिडकी ताजी व्हायला सगळी रजिस्टरं वाचते, त्यात हेही. चिपच्या लेखी वाचणारा कोण याने फरक पडत नाही. झेंडा खाली येतो आणि पुढे प्रोग्रॅम त्या अक्षराची वाट बघत राहतो. खिडकी बंद ठेवली की दोष गायब! खिडकीवर संशय कोण घेणार?

प्रोसेसर थांबवण्याचेही असेच परिणाम आहेत. वॉचडॉग या चिपमधल्या पहारेकऱ्याला प्रोग्रॅमकडून वेळेवर हजेरी मिळाली नाही तर तो चिप रीसेट करतो. या चिपचा स्वतंत्र वॉचडॉग स्वतःच्या वेगळ्या क्लॉकवर चालतो. तुम्ही ब्रेकपॉइंटवर थांबून विचार करता, तोवर तो चिप पुन्हा सुरू करून मोकळा होतो. ‘प्रोसेसर थांबला की तूही थांब’ असं सांगणारा बिट आहे, पण तो मुद्दाम लावावा लागतो. मोटर चालवणारा बोर्ड असेल तर जास्त जपायला हवं. प्रोसेसर थांबतो, टायमर मात्र शेवटच्या हिशोबाने मोटरला वीज पुरवत राहतो. करंट आवरणारा कोड थांबलेला असतो. पुढे मोटरला वीज देणाऱ्या मॉस्फेटचा जळका वास येतो.

थांबवायचं नाही तर छापून बघावं, असं कुणीही म्हणेल. ते फुकट नाही. सिरियल पोर्टवर ११५२०० च्या वेगाने एक अक्षर जायला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात ७२ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ६२५० ठोके होतात. प्रोग्रॅम तिथेच खोळंबत असेल तर वीस अक्षरांच्या ओळीत सव्वा लाख ठोके गेले. वेळेच्या गणितातला दोष एवढ्या उशिराने लपतो, नाहीतर नवाच उपटतो.

मग प्रोग्रॅमला न अडवता दोष बघायचा कसा? १९९७ च्या जुलैत मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान वारंवार रीसेट होऊ लागलं, तेव्हा कुणाला तिथे जाऊन डीबगर लावता येणार नव्हता. यान चालवणाऱ्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या मंडळींनी पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर तोच प्रोग्रॅम घटनांची नोंद चालू ठेवून पळवला. हवामानाची माहिती गोळा करणारं कमी महत्त्वाचं काम एक कुलूप धरून बसत होतं आणि जास्त महत्त्वाचं काम त्यासाठी अडत होतं. दुरुस्ती पृथ्वीवरूनच पाठवली गेली.

आपल्या टेबलावर अशा नोंदीसाठी एक मोकळी पिन पुरते. संशयित भाग सुरू होताना ती वर करायची, संपताना खाली. एकेका वेळी मोजके ठोके जातात, जवळजवळ काही नाही. त्या पिनेला ऑसिलोस्कोप किंवा साधा लॉजिक अ‍ॅनालायझर लावायचा आणि डीबगरची डबी काढून ठेवायची. डबी काढल्यावरही दोष दिसला, तर तो तुमच्या कोडमधला किंवा सर्किटमधला. दिसला नाही, तर पुन्हा लावताना एकेक वायर लावा आणि कोणती लावल्यावर तो परत येतो ते बघा.