आईबापांची वाटणी

(ज्ञातिमंडळाच्या वणी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वडीलधाऱ्यांनी कोठे राहावे व त्यांस सुख कशात आहे, या विषयावर दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे.

एकत्र कुटुंब गेले आणि त्याबरोबर वृद्धांचे सुखही गेले, असे आपण सरसकट म्हणतो. मला ते सर्वस्वी पटत नाही. मुलगा सातपूर-अंबडच्या कारखान्यात नोकरीस लागून नाशिकला राहिला आणि आईवडील वणीतच आपल्या घरी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोबतीत राहिले, तर त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. चैत्रोत्सवास सप्तशृंग गडावर निघालेला आप्त दारी आला, तर त्यास चहापाणी विचारण्याचा मान त्यांचाच असतो. उलट, भरल्या घरात ज्यांस कोणी काही विचारीत नाही, त्यांचे एकटेपण अधिक बोचरे असते.

परंतु एक रीत मनास फार लागते. भाऊ विभक्त झाले की शेत, घर, भांडीकुंडी यांबरोबर आईबापांचीही वाटणी होते. आई धाकट्याकडे, वडील थोरल्याकडे. चाळीस-पन्नास वर्षे एका चुलीपाशी जेवलेली माणसे उतारवयात एकमेकांस पारखी होतात. दोघांसही वेळेवर ताट मिळते. पण ज्याने जेवणाची चौकशी करावी, ते माणूस दुसऱ्या घरी असते.

वडीलधाऱ्यांसही एक सांगणे आहे. मायेपोटी हयातीतच सर्वस्व मुलांच्या नावे करण्याची घाई करू नये. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासंबंधी 2007 साली झालेल्या कायद्यान्वये न्यायाधिकरणाकडे दरमहा रु. 10,000 पर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. त्याच्या 23 व्या कलमानुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, परत मिळविता येते. अशी अट होती हे सिद्ध व्हावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या एका निकालात म्हटले आहे. म्हणून बक्षीसपत्रात ती स्पष्ट लिहून घ्यावी. त्यात मुलावर अविश्वास नाही, व्यवहार आहे.

तथापि कायद्याने भाकर मिळेल, सोबत मिळणार नाही. ती आपणच राखावयाची आहे. माझी मंडळास नम्र सूचना आहे की, वाटणीस बसणाऱ्या आपल्या पंचांनी आईबाप दोघे मिळून कोठे राहतील, हे पहिले कलम लिहावे. बांध मग मोजावेत.

तशी सद्बुद्धी आई सप्तशृंगी आपणां सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.