मोटारसायकलचा दिवा

चोर्ला घाटातून रात्री गोव्याकडे उतरणाऱ्या मोटारसायकलस्वाराला वळणावरचा रस्ता नीटसा दिसत नाही. अधिक वॅटचा बल्ब घालावा, हे त्याला प्रथम सुचते. नेहमीचा हॅलोजन बल्ब ३५ अथवा ६० वॅटचा असतो. १०० वॅटचाही मिळतो. परंतु त्याच्या उष्णतेने होल्डर वितळण्याची, परावर्तकाचा मुलामा करपण्याची भीती असते. बॅटरी लवकर उतरते, ते निराळेच.

वास्तविक दोष पुष्कळदा बल्बचा नसतोच. बारीक तारा, गंजलेले जोड व झिजलेले बटन यांतच विजेचा दाब खर्ची पडतो; आणि दाब शेकडा १० ने घटला की उजेड जवळजवळ शेकडा ३० ने घटतो. दिवा बॅटरीवर चालणारा असेल, तर जाड तार, फ्यूज व रिले बसवून घ्यावा. मग जुनाच बल्ब नवा वाटू लागतो!

एलईडी कमी विजेत अधिक उजेड देतो, हे खरे. पण हॅलोजनच्या तंतूसाठी घडविलेल्या परावर्तकात तो बसविला, तर केंद्र चुकून झोत फाकण्याचा संभव असतो. स्वाराला समाधान वाटते. समोरून येणाऱ्या बिचाऱ्याचे डोळे मात्र दिपतात, आणि अरुंद वळणावर तो कोणाच्या अंगावर येईल, याचा नेम राहत नाही.

झोताची उंची भिंतीवर पाहून स्क्रूने बसविण्यास तर पैसाही पडत नाही. त्या वेळी स्वाराने गाडीवर बसलेले असावे. मागे कोणी नेहमी बसत असेल, तर त्यानेही. वजनाने गाडीची मागची बाजू दबते आणि झोत वर उचलला जातो.